म्हेत्रे बाई आणि बातमीतले कारण

म्हेत्रे बाई बातमी तपासू लागल्या, की ते आम्हांला डोळ्यांआधी कानांनी कळत असे. उजव्या हातात तांबडे पेन, डाव्या हातात कडक भाकरीचा तुकडा. बातमी जितकी वाईट लिहिलेली, तितकी भाकरी जोरात मोडे. टेबलापलीकडे बसलेला आमचा गुन्हे वार्ताहर सुरवसे त्या आवाजावरून आपल्या मजकुराचे भवितव्य ओळखी. एकदा भाकरीचा तुकडा उडून थेट त्याच्या चहात पडला, तेव्हा तो उठला आणि बातमी पुन्हा लिहायला बसला.

ही कचेरी सात रस्त्याजवळच्या एका जिन्यावर होती. आमचे सायंदैनिक आता बंद पडले आहे, त्यामुळे त्याचे नाव सांगून कुणाचा फायदा नाही. सकाळी काम सुरू होई आणि दुपारच्या चहाला अंक रस्त्यावर येई. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर मी तिथे मुद्रितशोधक म्हणून रुजू झालो. चार माणसांत बोलण्याचा मला पहिल्यापासून संकोच. वर्गापुढे उभे राहण्यापुरते जे धैर्य जमवले होते, ते निवृत्तीच्या दिवशी खडूबरोबर परत केले. शुद्धलेखन पाहणे हे तोंड न उघडता करता येण्याजोगे काम होते. बाई मला 'सर' म्हणत आणि माझ्या वाट्याचेही त्याच बोलत.

त्यांचे पूर्वायुष्य मला ठाऊक नाही. अक्कलकोटकडच्या, त्यामुळे राग आला की पहिला उद्गार कानडी निघे. राहायच्या एकट्या. सुरवसेने एकदा धीर करून विचारले, "बाई, तुमचं लग्न झालं होतं का ओ?"

"झालं होतं की. ताप यावा तसं आलं, उतरलं. अंगावर थोडे दिवस पुरळ राहिलं, एवढंच." असे म्हणून बाईंनी त्याला शेंगाचटणी वाढली. तो विषय नंतर कुणी काढला नाही.

तिसरे पान बाईंच्या ताब्यात होते. चोऱ्या, अपघात, हाणामाऱ्या यांचे ते पान. त्या पानाची एक जुनी रीत होती. पोलिसांकडून प्रेसनोट येई. सुरवसे ती आणी. आणि बायकांना झालेल्या मारहाणीच्या बातम्या वारंवार येत म्हणून त्यांच्यासाठी संगणकावर एक साचाच तयार होता. मजकूर टाइप करणाऱ्या श्रीदेवीने तो सोयीसाठी करून ठेवला होता. नाव, वय, राहणार आणि कारण, एवढ्या जागा मोकळ्या. बाकी वाक्ये आयती. कारणाच्या जागी बहुधा 'स्वयंपाकास उशीर', 'उलट बोलणे' किंवा 'किरकोळ वाद' यांपैकी काहीतरी बसे. दोन मिनिटांत बातमी तयार होई.

बाईंचे आणि त्या मोकळ्या जागेचे वैर होते.

"सुरवसे, हे कारण तुला कुणी सांगितलं?"

"प्रेसनोटमध्ये आहे की, बाई."

"पोलिसांना कुणी सांगितलं?"

"आरोपीनं, दुसरं कोण?"

"म्हणजे मारणाऱ्यानं दिलेली सबब आपण मथळ्यात टाकायची. खिसेकापूला विचारतोस का कधी, बाबा रे, कशामुळे कापलास म्हणून?"

"त्याचं कारण माहीतच असतंय की ओ."

"यप्पा!" बाई म्हणत, आणि भाकरी मोडे.

मालक हेच संपादकही होते. सज्जन गृहस्थ, पण कोणतीही गोष्ट बदलायची म्हटली, की त्यांना छातीत धडधडे. साचा बदलू या, असे बाई सांगत. 'बघू या की' असे ते म्हणत. तेव्हा बाईंनी एके दिवशी साचा न बदलता फक्त त्याचा उपयोग वाढवला. एका सराफाचे दुकान फुटले होते. त्या दिवशीच्या अंकात तिसऱ्या पानावर मथळा आला: 'दागिने काचेत मांडून ठेवल्याच्या कारणावरून दुकान फोडले'. खाली मजकूर असा, की सदर सराफाने दिवे लावून दागिने उठून दिसतील अशी मांडणी केली होती. रस्त्याने जाणाऱ्या चोरट्यास ते पाहवले नाही व मोह अनावर होऊन त्याच्या हातून कुलूप तुटले. बातमी माझ्या नजरेखालून गेली होती. मला ती किंचित वेगळी वाटली. पण शुद्धलेखन निर्दोष होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सराफ जिना चढून आले. दम लागलेला, अंकाची सुरळी हातात.

"बाई, चोरी माझी झाली, आन् कारण बी मीच व्हय?"

"बसा ओ शेटजी. तुम्ही मांडले नसते तर त्यानं फोडलं असतं का?"

"मग काय दागिने पोत्यात भरून इकू का? काय बोलालालाव तुम्ही!"

बाईंनी त्यांना चहा दिला, आणि त्याच पानावरची शेजारची बातमी बोटाने दाखवली. कालवणात मीठ जास्त झाल्याच्या कारणावरून एका बाईचा हात मोडला होता. "ही वाचली होती का काल?"

"वाचली की."

"मग काय वाटलं?"

सराफ खरे बोलणारे निघाले. "वाटलं, बाईनं बघून टाकायला पायजे होतं मीठ."

ते म्हणून झाल्यावर त्यांनी स्वतःचे वाक्य बहुधा एकदा मनात पुन्हा ऐकले असावे. त्यांनी चहा संपवला. जाताना जिन्यावरून मागे वळून म्हणाले, "पन माझी तेवढी दुरुस्त करा ओ." बाईंनी ती दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली. मालकांनी दोन दिवस धडधडीची गोळी घेतली. साचा आहे तसाच राहिला.

अंक बाहेर पडल्यावर बाई मला घेऊन कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर जात. चहासाठी नव्हे, त्यांना तो आवडतही नसे. "आपण पेरतो सर. उगवतं कसं ते बघायला नको?" असे म्हणत आणि गिऱ्हाइकांकडे पाठ करून कान देऊन उभ्या राहत. गाड्यावर एक अंक असे. कुणीतरी एक मोठ्याने वाची, बाकीचे निकाल देत.

"स्वयंपाकाला उशीर केला म्हनून मारलं म्हनं."

"रोजचंच असंल तिचं. उगंच कोन मारतंय बे?"

"व्हय की. कायतरी असल्याबिगर न्हाय."

परत येताना बाई म्हणाल्या, "पाहिलंत? मारणाऱ्याला वकील लावायची गरजच नाही. आपला पेपर फुकट उभा राहतो." मी मान हलवली. माझ्याकडून इतकेच मत त्यांना अपेक्षित असे.

श्रीदेवी या सगळ्यात आतल्या काचेच्या खोलीत असे. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली. वडील बालय्या टॉवेलच्या कारखान्यात मागावर. घरी तेलुगू, कचेरीत मराठी, आणि संगणक अडला की दोन्हींच्या पलीकडचे काहीतरी. सोलापूरच्या ऐन उन्हाळ्यात ती मनगटापर्यंतच्या बाह्या घालू लागली, तेव्हा बाईंनी तिला एकदाच विचारले, "उकडत नाही का गं?"

"सवय हाय, मॅडम."

बाईंनी पुढे विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डब्यात भाकरी दोन माणसांची येऊ लागली. हळूहळू आम्हांला कळले, की नवरा अंबादास तिला मारतो. मागे ती माहेरी निघून गेली होती. तेव्हा नात्यातली वडीलधारी मंडळी बसली, आणि 'कायतरी झालं असंल तुझ्याकडनं' असे ठरवून तिला परत पोहोचवून आली. बालय्या माणूस वाईट नव्हता. पण चारचौघांनी ठरवल्याबाहेर पाऊल टाकणे त्याच्या स्वभावात नव्हते.

आणि मग एका सकाळी सुरवसे प्रेसनोट वाचत जिना चढला. वाचता वाचता त्याचा आवाज मध्येच तुटला.

"बाई, ही... ही आपलीच की ओ."

श्रीदेवी आदल्या संध्याकाळी आपण होऊन पोलीस ठाण्यात गेली होती. आणि सकाळी नेहमीच्या वेळेला कामावर आली होती. माहेरच्या घरातून आली होती, पण बालय्याने तिला सांगितले होते, "रविवारी समदे बसतील. ते म्हनतील तसं." म्हणजे रविवारी तिचे काय व्हायचे ते ठरणार होते, आणि मागच्या वेळी काय ठरले होते ते आम्हांला माहीत होते.

तिने खोलीतून हात पुढे केला. "आना इकडं. टाइप करते."

सुरवसेने प्रेसनोट दिली. काचेतून तिची पाठ दिसत होती. तिने साचा उघडला. नाव भरले, वय भरले, राहणार भरले. मग हात थांबले. तिने मान वळवून विचारले, अगदी रोजच्यासारखे:

"मॅडम, कारण काय टाकू?"

बाई उठून आत गेल्या. "काय झालं होतं?"

"चार्जर सापडत नव्हता त्याला."

"मग?"

"खिशातच होता त्याच्या."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "सगळं खोड. तुझं नाव कशाला? तू काय केलंयस? मी सांगते तसं घे." त्या दिवशी तिसऱ्या पानावर जी बातमी आली ती मला तोंडपाठ आहे, कारण पाठ करण्यासारखे तिच्यात फार नव्हते. अंबादासचे नाव, त्याचा भाग. त्याने पत्नीला पट्ट्याने मारले. तिने फिर्याद दिली. गुन्हा दाखल झाला. संपले.

सुरवसे बेचैन होऊन घुटमळत होता. "बाई, अर्धवट वाटते ओ. लोक विचारतील, कशामुळे?"

"विचारू देत की."

चहाच्या गाड्यावर त्या दिवशी आम्ही दोघेही नेहमीपेक्षा जवळ उभे राहिलो. वाचणारा वाचून थांबला. त्याने कागद उलटून मागे पाहिले, मजकूर पुढच्या पानावर गेला आहे की काय म्हणून.

"कशामुळं मारलं?"

"लिहिलंच न्हाय."

"असं कसं? कायतरी असंल की."

"असतं तर छापलं नसतं व्हय? रोज छापतेत." वाचणाऱ्याने पुन्हा एकदा पाहिले. "न्हायच बे. उगंच मारलं दिसतंय."

"उगंच? येडा हाय काय त्यो?"

बाईंनी चहा न पिताच पेला खाली ठेवला. इतक्या वर्षांत गाड्यावर एकाही नवऱ्याला कुणी वेडा म्हटलेले त्यांनी ऐकले नव्हते. पण रविवारला अजून अवकाश होता, आणि सात रस्त्याचा गाडा म्हणजे बालय्याचे नातेवाईक नव्हेत, हे त्यांना माझ्याइतकेच कळत होते.

पुढची गोष्ट घडवून आणण्याचे श्रेय बाईंनी कधी घेतले नाही. ते खरोखर अंबादासचेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एका चुलतभावाला घेऊन कचेरीत आला. शर्ट इस्त्रीचा, केस नीट विंचरलेले. रस्त्यात भेटला असता तर मी त्याला पत्ता विचारला असता. सुरवसे उठून काचेच्या दारासमोर जाऊन उभा राहिला. ते त्याच्या प्रकृतीबाहेरचे होते, म्हणून नमूद करतो.

"कोन लिहिलंय हे?" अंबादासने अंक टेबलावर आपटला.

"मी," बाई म्हणाल्या. "बसा. पाणी घ्या."

"बदनामी झाली की ओ माझी! हाटेलात गेलो तर समदे हसलाले. 'काय बे, उगंच मारतो व्हय बायकोला?' म्हनालाले. मी काय येडा हाय व्हय उगंच मारायला?"

"छे, छे. तुम्ही उगंच मारणारे वाटत नाही," बाई अत्यंत आदराने म्हणाल्या.

"मग कारण का न्हाय छापलं? सगळ्यांचं छापता. मी पोलिसाला सांगितलं होतं की."

"राहून गेलं असेल. तुम्ही खुलासा द्या. आमच्या पेपरात ज्याच्याबद्दल छापलं त्याचा खुलासा आम्ही छापतोच; जुनी पद्धत आहे. पदरचं एक अक्षर घालणार नाही. सर, तुमचं अक्षर चांगलं आहे, घ्या लिहून."

मी कागद ओढला. आयुष्यात मी अनेक उतारे लिहून घेतले. पण दुसऱ्याने सांगून मी लिहिलेला तो एकच. अंबादास खुर्चीत सावरून बसला आणि ज्याची तक्रार अखेर कुणीतरी नीट ऐकून घेत आहे अशा माणसाच्या समाधानाने सांगू लागला.

"लिहा. मी बायकोला विनाकारण मारलं, असा जो गैरसमज झालाय, तो खोटा हाय."

"उत्तम," बाई म्हणाल्या. "मारलं हे खरं, विनाकारण हे खोटं. असंच ना?"

"असंच की. चार्जर जागेवर नव्हता. इचारलं तर उलट बोलली."

"काय बोलली? लोकांना तपशील लागतो."

अंबादास जरा घुटमळला. "खिशात बघा म्हनाली."

"मग?"

"मग मारलं."

"पट्ट्यानं?"

"पट्ट्यानं. पन बकल हातात धरलं होतं, लागू नये म्हनून. ते बी लिहा."

"अरे, हे तर तुमच्या बाजूचं आहे! सर, बकल घ्या." बाईंचा चेहरा देवळातल्या पुजाऱ्यासारखा निर्विकार होता. चुलतभावाला मधेच कसलीशी शंका आली, तो म्हणाला, "आंब्या, वकिलाला इचारू का एकदा?" अंबादासने त्याला झटकले. "तू गप बे. इज्जतीचा सवाल हाय." त्याने कागद वाचला, 'बकल' शब्दाखाली रेघ ओढायला लावली, आणि सही केली. वर तारीखही घातली. त्या सहीला एक झोकदार शेपूट होते.

तो जिना उतरल्यावर बाईंनी कागद आतल्या खोलीत दिला. श्रीदेवीने तो दोनदा वाचला. त्यानंतर आतून जो आवाज आला तो रडण्याचा असेल असे समजून मी मान खाली घातली. सुरवसेने डोकावून पाहिले आणि म्हणाला, "हसलालीय ओ!" मग कळफलक वाजू लागला. तिने साच्याला हात लावला नाही. पहिल्या अक्षरापासून नवे टाइप केले.

खुलासा चौकटीत गेला. मालकांनी छपाईआधी पान पाहिले, खुर्चीचा हात धरला, आणि "सही आहे ना?" एवढेच विचारले. त्या दिवशीचा अंक कमी पडला. गाड्यावर वाचणाऱ्याने चौकट दोनदा वाचली. दुसऱ्यांदा 'खिशात बघा म्हणाली' इथे चहावाल्याने गॅस बारीक केला. एक वयस्क गृहस्थ तेवढ्यातूनही "बाईनं उलट बोलू ने" म्हणाले, हे नोंदवायला हवे. परंतु बाकीच्यांनी त्यांच्याकडे असे पाहिले, की त्यांनी पुढचे चहात बुडवले. ठाण्यातून फोन आला. साहेबांना मूळ कागद हवा होता. बाईंनी तो सुरवसेबरोबर पाठवला आणि नक्कल फाइलला लावली.

रविवारी काय झाले ते आम्हांला सोमवारी बालय्याने येऊन सांगितले. तो दारातच उभा राहिला, बसा म्हटले तरी बसला नाही.

"समदे जमले होते. अंबादासचा काका म्हनला, पोरीची चूक असंल, पाठवून द्या. मी कायच बोललो न्हाय, मॅडम. मला बोलता येत न्हाय. आमच्या थोरल्या मामानं पेपर काढला. मोठ्यानं वाचला. बकलपातूर आला आन् थांबला." बालय्याने बाईंच्या टेबलाकडे पाहिले. "काका म्हनला, पुढं वाच की. मामा म्हनला, तू वाच. त्यानं न्हाय वाचलं."

"मग?"

"मग मीच म्हनलो, पोरगी हितं ऱ्हाईल."

इतके सांगून तो आत काचेच्या खोलीपाशी गेला, लेकीशी तेलुगूत काहीतरी बोलला, आणि कारखान्याची वेळ झाली म्हणून उतरून गेला. बाईंनी बराच वेळ चष्मा पुसला. नंतर सुरवसेवर उगाचच ओरडल्या.

पुढच्याच आठवड्यात आणखी एक इस्त्रीचा शर्ट जिना चढून आला. त्यालाही आपले कारण छापून हवे होते. बाई हर्षभरित होऊन मला कागद घ्यायला सांगत होत्या, तोच मालक स्वतः बाहेर आले आणि खुलाशांचे सदर बंद झाल्याचे त्यांनी जाहीर केले. त्याच दुपारी त्यांनी श्रीदेवीला तो साचाही पुसायला सांगितला. छातीचे दुखणे परवडत नाही, असे कारण दिले. शहरातल्या इतर पेपरांत कारणे छापून येतच राहिली, आजही येतात. बाई ती वाचत, आणि त्या त्या संपादकांना फोन करून अत्यंत गोड आवाजात विचारत, "अहो, चोरट्याची मुलाखत कधी छापताय?"

पुढे पेपर बंद पडला. बाई हुबळीला भाचीकडे गेल्या, आणि तिथूनच एके दिवशी त्या गेल्याचा निरोप आला. मी त्यांना शेवटचे पाहिले ते त्यांनी सोलापूर सोडण्याच्या आदल्या आठवड्यात, होम मैदानावर. सकाळी फिरून परतत होतो, तर एक स्कूटर वाकडीतिकडी माझ्याच दिशेने येत होती. वर म्हेत्रे बाई. पदर कमरेला खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दोन्ही पाय जमिनीला घासत. मागून अर्ध्या बाह्यांच्या कुडत्यातली श्रीदेवी धावत होती आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती, "मॅडम, ब्रेक! ब्रेक दाबा की! सर, बाजूला व्हा ओ!"

मी बाजूला झालो. बाई माझ्या शेजारून वाऱ्यासारख्या नव्हे, पण रिक्षासारख्या गेल्या. थांबणे त्यांना जमत नव्हते, आणि त्यांचा तसा विचारही दिसत नव्हता.